कलेला सरकारने पैसा द्यावा का? लाल गोलातल्या एका वाक्याची गोष्ट



गेल्या वर्षी मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा गाइडना दिला. त्यात एक वाक्य मी अगदी ठासून लिहिलं होतं : 'अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचा कलेला आणि कलेच्या सरकारी अनुदानाला कायम विरोध राहिला आहे.' मॅडमनी त्या वाक्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि शेजारी तीन शब्द लिहिले : 'कोण? कशाला? कधी?'

मला वाटलं, अर्ध्या दिवसात होईल. तीन महिने लागले. आजची पोस्ट त्या तीन महिन्यांबद्दल आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता विज्ञानाला मिळणाऱ्या सरकारी पैशाच्या इतिहासावर पीएचडी करतेय. कला हा माझा विषय नाही. तुलनेसाठी एक प्रकरण हवं होतं म्हणून मी अमेरिकेतल्या कला-अनुदानाच्या वादाकडे वळले. तिथे जे सापडलं ते पेट किंवा नेट देऊन संशोधनाकडे येणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी प्रश्न सुटे करू

माझ्या त्या वाक्यात तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरलेले होते.

पहिला, मूल्याचा : कलेने माणसाचं किंवा समाजाचं काही बरं-वाईट होतं का?
दुसरा, पैशाचा : सरकारने कलेला पैसा द्यावा का, आणि द्यायचा तर कुठल्या कलेला?
तिसरा, बंदीचा : एखादी कलाकृती दाखवायलाच मनाई असावी का?

आपल्याकडे सेन्सॉरशिप म्हटलं की तिसराच प्रश्न डोळ्यांसमोर येतो. १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा ब्रिटिशांचा कायदा, नाटकाची संहिता आधी मंजूर करून घेण्याची पद्धत, 'सखाराम बाइंडर'साठी झालेली कोर्टाची लढाई. प्रयोग होऊ द्यायचा की नाही, हा तिथला मुद्दा. अमेरिकेतला १९८९ नंतरचा गाजलेला वाद मात्र मुख्यतः दुसऱ्या प्रश्नावरचा आहे. 'दाखवा की, पण आमच्या पैशाने नको' असा तो सूर आहे. हा फरक लक्षात न घेता वाचायला बसलात तर माझ्यासारखे गोंधळाल.

शब्दाचाही घोळ आहेच. 'कॉन्झर्व्हेटिव्ह'ला मराठीत काय म्हणायचं? 'सनातनी' म्हटलं की धर्म येतो, 'पुराणमतवादी' म्हटलं की आपण आधीच शेरा मारून मोकळे होतो, आणि 'उजवे' म्हटलं की अर्थकारण येतं. मी शेवटी 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हाच शब्द ठेवला, कारण त्यात ही सगळी माणसं एकत्र बसतात आणि एकमेकांशी भांडतातही.

गोष्ट सुरू होते १९६५ मध्ये

२९ सप्टेंबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि दोन संस्था उभ्या राहिल्या. एक मानव्यविद्यांसाठी आणि दुसरी कलांसाठी. दुसरीचं नाव नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स, म्हणजे एनईए. कामाची पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल : अर्ज मागवायचे, त्या क्षेत्रातल्या जाणकारांच्या समितीने ते तपासायचे, समितीच्या शिफारशीवर अध्यक्षांनी निर्णय घ्यायचा. विज्ञानातल्या पीअर रिव्ह्यूची ही बहीणच.

जॉन्सन डेमोक्रॅट होते. मग माझ्या वाक्यानुसार त्यांच्यानंतर आलेल्या रिपब्लिकन निक्सन यांनी संस्थेला कात्री लावायला हवी होती. झालं उलटंच. डिसेंबर १९६९ मध्ये निक्सन यांनी संसदेला संदेश पाठवून कला आणि मानव्यविद्यांचा निधी जवळजवळ दुप्पट करायला सांगितलं. त्यांनी नेमलेल्या नॅन्सी हँक्स १९७७ पर्यंत संस्थेच्या अध्यक्ष होत्या. १९७० मध्ये सुमारे ८० लाख डॉलर असलेला निधी त्यांच्या काळात दहा पटींहून जास्त वाढला. निक्सन यांना 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल, आणि तो घालतातही. पण माझ्या वाक्यातला 'कायम' हा शब्द इथेच गळून पडला.

मग रेगन आले. त्यांना तर कुणीही कॉन्झर्व्हेटिव्हच म्हणेल. १९८१ मध्ये त्यांचे अर्थसंकल्प प्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांनी एनईएचा निधी निम्म्यावर आणायचा प्रस्ताव मांडला. त्यावर विचार करायला रेगन यांनी एक कृतिगट नेमला. त्याच्या प्रमुखांमध्ये रेगन यांचा मित्र, हॉलिवूडचा नट चार्ल्टन हेस्टन होता. या गटाने संस्था टिकवावी असाच कौल दिला. कपात झाली ती निम्म्याच्या आसपासही गेली नाही. एकाच सरकारात, एकाच विचाराच्या दोन माणसांत हा मतभेद होता.

१९८९ : दोन अनुदानं, ४५,००० डॉलर

आता मुख्य प्रसंग. आंद्रेस सेरानो या छायाचित्रकाराने १९८७ मध्ये एक छायाचित्र काढलं होतं. प्लास्टिकचा छोटा क्रूस त्याने स्वतःच्या लघवीत बुडवून त्याचा फोटो घेतला होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम इथल्या एका कलाकेंद्राच्या योजनेतून त्याला १५,००० डॉलर मिळाले होते आणि त्या योजनेत एनईएचा पैसा होता. मिसिसिपीतले एक पाद्री डोनाल्ड वाइल्डमन यांच्या संघटनेने पत्रांची मोहीम उघडली. १८ मे १९८९ ला न्यूयॉर्कचे सिनेटर अल्फॉन्स डमाटो यांनी सिनेटमध्ये उभं राहून त्या प्रदर्शनाचा कॅटलॉग फाडला.

दुसरं प्रकरण रॉबर्ट मेपलथॉर्पचं. त्याच वर्षी मार्चमध्ये तो एड्सने वारला होता. त्याच्या छायाचित्रांचं 'द परफेक्ट मोमेंट' हे प्रदर्शन फिलाडेल्फियाच्या एका संस्थेने भरवलं होतं. त्याला एनईएचे ३०,००० डॉलर मिळाले होते. त्यात फुलं होती, व्यक्तिचित्रं होती, आणि समलिंगी लैंगिकतेची काही अतिशय उघड छायाचित्रंही होती. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत ते जुलैत लागणार होतं. जूनमध्ये गॅलरीने स्वतःच ते रद्द केलं. बंदी कुणी घातली नव्हती. संसदेचा राग ओढवून घ्यायला नको, म्हणून केलं. शहरातल्याच दुसऱ्या छोट्या संस्थेने ते लावलं तेव्हा बघायला गर्दी लोटली आणि वर्ष संपता संपता कॉर्कोरनच्या संचालकांना पद सोडावं लागलं.

इथे थांबून आकडे बघा. १५,००० अधिक ३०,००० म्हणजे ४५,००० डॉलर. एनईएचा तेव्हाचा वार्षिक निधी सुमारे १७ कोटी डॉलर. म्हणजे दर १०,००० डॉलरमागे तीन डॉलरसुद्धा नाहीत. आणि या दोन्ही रकमा संस्थांमार्फत गेल्या होत्या. वॉशिंग्टनमधल्या कुणी सेरानोचं ते चित्र निवडलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात संसदेने एनईएचे बरोबर ४५,००० डॉलर कापले. हा आकडा हिशेबासाठी नव्हता, शिक्षेचा निरोप द्यायला होता.

विरोध करणारे तीन प्रकारचे लोक

मॅडमच्या 'कोण?' ला उत्तर शोधताना मी बातम्या बाजूला ठेवल्या आणि माणसांचं स्वतःचं लिखाण वाचायला घेतलं. तेव्हा निदान तीन गट दिसले. नावं माझी, कामचलाऊ आहेत. प्रबंधात वापरू नका.

पहिले तिजोरीवाले. यांचं म्हणणं, कला चांगली असो की वाईट, तो सरकारचा विषयच नाही. हार्वर्डचे राज्यशास्त्रज्ञ एडवर्ड बॅनफिल्ड यांनी १९८४ मध्ये 'द डेमोक्रॅटिक म्यूज' या पुस्तकात हा युक्तिवाद नीट मांडला. या भूमिकेतून सेरानोला पैसे देणं जितकं चूक, तितकंच सिंफनी ऑर्केस्ट्रालाही देणं चूक. गंमत म्हणजे या गटाला बंदीत रस नसतो. सरकारने पैसेही देऊ नयेत आणि नाकही खुपसू नये, असं ते सरळ आहे.

दुसरे मर्यादावाले. नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर जेसी हेल्म्स यांचा चेहरा. २६ जुलै १९८९ ला त्यांनी सिनेटमध्ये एक दुरुस्ती आवाजी मतदानाने मंजूर करून घेतली. सरकारी पैसा अश्लील किंवा असभ्य कामाला जाऊ नये, धर्माची किंवा धर्म न मानणाऱ्यांची निंदा करणाऱ्या कामाला जाऊ नये, वंश, लिंग, वय, अपंगत्व यांवरून कुणाला हिणवणाऱ्या कामालाही जाऊ नये. यादी वाचून मी चमकले. हिचा उत्तरार्ध आज कुठल्याही उदारमतवादी माणसाच्या तोंडी शोभेल. ही दुरुस्ती तशीच्या तशी पुढे टिकली नाही, ती पातळ करण्यात आली.

या गटाचा वैचारिक आधार मला सापडला तो अठरा वर्षं मागे. अर्व्हिंग क्रिस्टल यांनी १९७१ मध्ये अश्लीलता आणि सेन्सॉरशिपच्या बाजूने एक निबंध लिहिला. त्यातला गाभा असा : चांगल्या पुस्तकाने माणूस घडतो असं तुम्ही मानत असाल, तर वाईटाने तो बिघडू शकतो हेही मानावं लागेल. दोन्ही नाकारायचं तर मग शाळेत साहित्य शिकवायचं कशाला?

तुम्हाला पटो न पटो, यातली एक गोष्ट नोंदवून ठेवा. बंदी मागणारा माणूस कलेला क्षुल्लक समजत नाही. उलट ती माणसाला बदलू शकते यावर त्याचा आपल्यापैकी कित्येकांपेक्षा जास्त विश्वास असतो. म्हणजे मूल्याच्या प्रश्नावर तो कलावंताच्या बाजूला उभा आहे आणि बंदीच्या प्रश्नावर समोर. 'कलेला विरोध' हे माझे शब्द त्याला लागूच होत नव्हते.

तिसरे अभिजातवाले. हिल्टन क्रेमर हे न्यूयॉर्क टाइम्सचे प्रमुख कलासमीक्षक होते, आधुनिक चित्रकलेचे कट्टर चाहते. १९८२ मध्ये त्यांनी पियानोवादक सॅम्युएल लिपमन यांच्याबरोबर 'द न्यू क्रायटेरियन' हे मासिक काढलं. रेगन यांच्या काळात लिपमन एनईएच्या सल्लागार मंडळावरही होते. या लोकांना कलेचं मोल सगळ्यांत जास्त होतं. त्यांची तक्रार अशी की जाणकारांच्या समित्यांनी दर्जाचा निकष सोडलाय, खळबळ हाच गुण मानलाय. सरकारने पैसा द्यावा, पण थोर परंपरा जपायला आणि ती लोकांपर्यंत न्यायला द्यावा. क्रेमर यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या लेखाचा प्रश्नच असा होता की कला सभ्यतेच्या नियमांच्या वर असते का. त्यांचं उत्तर 'नाही' असं होतं.

आता हे तिघे एका टेबलाशी बसवा. सेरानोला पैसे देऊ नयेत यावर तिघांचं एकमत होईल. पुढच्याच मिनिटाला, 'मग शेक्सपिअरला द्यायचे का?' असं विचारा. तिजोरीवाला 'नाही' म्हणेल, अभिजातवाला 'अर्थातच' म्हणेल आणि मर्यादावाला विचारेल, 'कुठलं नाटक?'

कोर्टात काय झालं

वाद कायद्यात उतरला तेव्हा या भेगा स्पष्ट दिसल्या. आधी अनुदान घेणाऱ्यांकडून 'आम्ही अश्लील काही करणार नाही' असं लिहून घ्यायला सुरुवात झाली. न्यूयॉर्कचे नाट्यनिर्माते जोसेफ पॅप यांनी अनुदान नाकारलं. लॉस एंजेलिसच्या नृत्यदिग्दर्शिका बेला लेविट्झ्की कोर्टात गेल्या, आणि जानेवारी १९९१ मध्ये ती अट घटनाबाह्य ठरली.

दरम्यान संसदेने एक स्वतंत्र आयोग नेमला होता. त्याच्या दोन प्रमुखांपैकी एक लिओनार्ड गारमेंट, निक्सन यांच्या काळात कला-निधी वाढवण्यासाठी झटलेले त्यांचे सहकारी. आयोगाने आशयावर बंधनं घालू नयेत असा सल्ला दिला. १९९० च्या शेवटी संसदेने मधला रस्ता काढला : अनुदान देताना सभ्यतेचे सर्वसाधारण संकेत आणि अमेरिकन जनतेच्या विविध श्रद्धांचा आदर विचारात घ्यावा.

त्याच वर्षी जूनमध्ये एनईएचे अध्यक्ष जॉन फ्रोनमायर यांनी कॅरेन फिनली, जॉन फ्लेक, हॉली ह्यूज आणि टिम मिलर या चार रंगकर्मींची, समितीने शिफारस केलेली अनुदानं अडवली होती. चौघे कोर्टात गेले. १९९३ मध्ये अनुदानाबाबत तडजोड झाली, पण त्या 'सभ्यता' कलमाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. २५ जून १९९८ चा निकाल ८ विरुद्ध १ असा सरकारच्या बाजूने लागला.

८ विरुद्ध १ वाचून आपण पुढे सरकतो. मीही सरकले होते. निकाल उघडून वाचलात तर आत वेगळंच दिसतं. न्यायमूर्ती ओकॉनर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांच्या मते हे कलम फक्त 'विचारात घ्या' म्हणतं, कुणाला नाकाराच असं सांगत नाही, म्हणून ते चालेल. न्यायमूर्ती स्कॅलिया निकालाशी सहमत होते, पण कारण बरोबर उलटं : कलम सरळसरळ भेदभाव करतं आणि सरकारला तो करायचा हक्क आहे, कारण कलावंताला स्वतःच्या पैशाने हवं ते करायला कुणी अडवलेलं नाही. न्यायमूर्ती सूटर एकटे विरोधात. सरकार आश्रयदाता झालं तरी मतावरून निवड करू शकत नाही, हे त्यांचं म्हणणं. आणि सूटर यांना नेमलं होतं रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनीच.

या सगळ्यात खऱ्या अर्थाने बंदीचा, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचा प्रसंग एकच मोठा घडला. एप्रिल १९९० मध्ये सिनसिनाटी शहरात मेपलथॉर्पचं प्रदर्शन उघडलं त्याच दिवशी तिथल्या कलाकेंद्रावर आणि त्याचे संचालक डेनिस बॅरी यांच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला. १७५ छायाचित्रांपैकी आरोप सातांवर होते. ऑक्टोबरमध्ये सामान्य नागरिकांच्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. पैशाच्या वादात संसद कलावंतांच्या विरोधात गेली, आणि बंदीच्या वादात सिनसिनाटीसारख्या कर्मठ मानल्या जाणाऱ्या शहरातली ज्युरी त्यांच्या बाजूने उभी राहिली.

शेवटी जिंकलं कोण?

१९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने संसद जिंकली आणि एनईएचा निधी १९९५ च्या सुमारे १६.२ कोटी डॉलरवरून १९९६ मध्ये ९.९५ कोटींवर आला. एकेकट्या कलावंताला मिळणारी अनुदानं जवळपास बंद झाली. साहित्य, जॅझ आणि लोककला तेवढ्या वाचल्या. तिजोरीवाले जिंकले म्हणावं, तर संस्था बंद झाली नाही. पुढे बुश (धाकटे) यांनी नेमलेले कवी डेना जोइया २००३ ते २००९ अध्यक्ष होते. त्यांनी शेक्सपिअरची नाटकं गावोगाव नेली आणि निधी पुन्हा वाढवून घेतला. म्हणजे अभिजातवाल्यांचा डाव. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने संस्था बंद करायचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा रिपब्लिकन बहुमत असलेल्या संसदेनेच तो बाजूला सारला.

तुम्ही यातून काय घ्यायचं?

एक, कुठल्याही गटाबद्दल वाक्य लिहिलंत की त्याला 'कोण, कशाला, कधी' विचारा. दोन, गटाचं मत त्याच्या विरोधकांच्या सारांशातून घेऊ नका. मी तेच केलं होतं. तीन, रक्कम आणि तिचा रस्ता शोधा. पैसा कुणी दिला, कुणामार्फत गेला, निवड कुणी केली. चार, निकालाचा आकडा वाचून थांबू नका, सहमतीची कारणं वाचा. पाच, वहीत तीन रकाने करा : मूल्य, पैसा, बंदी. प्रत्येक माणसाचं म्हणणं तिन्हीत वेगवेगळं भरा. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, अंदाजाने भरू नका.

शेवटी थोडं स्वतःबद्दल. विज्ञानातही हेच झालंय. मार्च १९७५ मध्ये सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी सरकारी पैशाच्या उधळपट्टीसाठी 'गोल्डन फ्लीस' नावाचा टवाळीचा पुरस्कार सुरू केला. पहिला मान माणसं प्रेमात का पडतात यावरच्या ८४,००० डॉलरच्या संशोधनाला. माकडांच्या आक्रमकतेवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने तर त्यांना कोर्टात खेचलं. प्रॉक्समायर डेमोक्रॅट होते, हे सांगायलाच हवं.

मागच्या दिवाळीत काकांनी मला विचारलं, "हे जे तू वाचत बसतेस, त्याचे पैसे सरकार देतं? म्हणजे आमच्याच करातून ना?" काका तीस वर्षं एसटीत होते. मला राग आला. यांना संशोधनाची किंमतच नाही, असं म्हणून मी आत निघून गेले.

आता तीन रकान्यांत बसवून बघते, तर काकांनी पहिला प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांनी दुसरा विचारला होता, आणि तो विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. 'जाणकारांच्या समितीने मंजूर केलंय' हे उत्तर १९८९ मध्ये एनईएला पुरलं नाही, मलाही पुरणार नाही. यंदा दिवाळीला गेले की काकांसमोर बसून, माझ्या विषयाचा त्यांना काय उपयोग हे दहा मिनिटांत सांगायचा प्रयत्न करणार आहे. जमेल की नाही माहीत नाही. तुमची फेलोशिप सुरू व्हायच्या आधी तुम्हीही घरातल्या एखाद्या माणसासमोर हे करून बघा.

आणि ते लाल गोलातलं वाक्य? आता ते असं आहे : 'सरकारी पैसा कुठल्या कलेला जावा यावरून १९८९ नंतर अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह गटांमध्येच निदान तीन भूमिका होत्या.' मॅडमनी यावेळी फक्त 'निदान' या शब्दाखाली रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'चौथी शोध.'